ग्रहण, विळी आणि मसुराएवढा गोळा

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. दुपारनंतर सूर्यग्रहण होतं. खग्रासचा पट्टा आपल्या खालून, कर्नाटक-आंध्रातून ओडिशाकडे गेला. नागपूरकरांच्या वाट्याला खंडग्रासच आलं. भीती मात्र पुरती खग्रास होती. महाल भागातली आमची गल्ली कर्फ्यू लागल्यासारखी सामसूम, दारं-खिडक्या बंद, माठात तुळशीपत्र. आईला चौथा महिना. ताई सात वर्षांची, मी पाच. मला भूक लागली होती आणि मी घर डोक्यावर घेतलं होतं. शिजवायचं नव्हतं, शिजलेलं खायचं नव्हतं. फळीवर एक पेरू होता. आईनं विळी ओढली, पेरूच्या चार फोडी केल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या.

तो पेरू मी खाल्ला. आतून गुलाबी निघाला होता, हे मला अजून आठवतं. की पुढे इतक्यांदा ऐकला म्हणून आठवल्यासारखं वाटतं, कोण जाणे.

जुलैत भाऊ झाला. डॉक्टरांनी टेप लावली, डोक्याचा घेर एकोणतीस सेंटीमीटर भरला. पूर्ण दिवसांच्या बाळाचा चौतीस-पस्तीस असतो, हे मला फार पुढे कळलं. घरात त्या दिवशी जे कळलं ते टोपड्यावरून. आत्याबाईंनी हातानं शिवलेलं, कडेला हिरवी रेशमी झालर लावलेलं टोपडं त्याला घातलं तर ते सरळ नाकावर आलं. आत्याबाईंनी ते वर सारलं, पुन्हा घसरलं. मग त्या आईकडे न पाहता म्हणाल्या, "गिरानात विळी चालवली हिनं."

रागानं नाही म्हणाल्या. पंचांग पाहून तिथी सांगावी तशा म्हणाल्या. म्हणूनच ते वाक्य घरात मुक्कामाला राहिलं. ग्रहणात गरोदर बाईनं काही कापलं की पोटातल्या जिवाचं काहीतरी कापलं जातं: कुणाचा ओठ, कुणाचा कान. आमच्याकडे डोकं कापलं गेलं होतं. हिशोब जुळत होता.

आत्याबाई म्हणजे आईच्या सासूबाई, आणि सख्ख्या आत्याही. आई काटोलकडची, संत्र्याच्या बगिच्यातली. तिच्या वडिलांच्या बहिणीनं, म्हणजे आत्याबाईंनी, भावाची मुलगी हक्कानं मागून आणली. "घरचीच पोरगी" हे त्या काळी कौतुकानं सांगायचं कारण होतं. लग्नानंतरही आईनं त्यांना कधी 'आई' म्हटलं नाही. आत्याबाईच.

भाऊ सोळा वर्षं जगला. १९९६ च्या पावसाळ्यात छाती भरली आणि चार दिवसांत गेला. त्यानंतर विळी, ग्रहण, पेरू यांतलं काही घरात कुणी उच्चारलं नाही. आई मात्र प्रत्येक ग्रहणाला, चंद्रग्रहणालासुद्धा, सकाळीच विळी उचलून कपाटावर ठेवते. पाळी जाऊन वीस वर्षं झाली तरी.

*

मी धंतोलीच्या एका दवाखान्यात टिश्यूचं काम करते. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा आमच्याकडे फॉर्मलिनच्या डबीत येतो. तो अल्कोहोलमधून, झायलीनमधून काढून मेणात बसवायचा, मेणाचा ठोकळा मायक्रोटोमवर चढवायचा आणि चार-पाच मायक्रॉनचे काप काढायचे. काप एकामागून एक चिकटून रिबन होते. ती कोमट पाण्यावर अलगद सोडायची, ब्रशनं सुरकुती काढायची आणि काचपट्टीवर झेलायची. नागपूरच्या मे महिन्यात मेणसुद्धा ऐकत नाही; ठोकळे बर्फावर ठेवून कापावे लागतात. थोडक्यात, इतक्या वर्षांत मी दुसरं काही केलेलं नाही, पातीच चालवली आहे. हा विनोद घरात मी एकदाच केला. आई हसली नव्हती.

आतड्याचा काप मला झोपेतही ओळखता येईल. आत झालर असते, झालरीच्या बुडाशी विहिरीसारखे खळगे. पण माझ्याकडे येतं ते सगळं मेलेलं आणि थांबलेलं. कसं झालं हे त्यात दिसत नाही, काय झालं तेवढं दिसतं. पंगत उठल्यावर पत्रावळी पाहून जेवण कसं झालं असेल हे सांगायचं, असा आमचा धंदा.

म्हणून २०२२ च्या दिवाळीत ताईची मुलगी बंगळूरहून आली आणि तिनं फोनवर फोटो दाखवला तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. गुलाबी पाण्यात तरंगणारे दुधाळ गोळे, मसुराच्या डाळीएवढे. त्यातल्या एकावर बारीक काळा ठिपका.

"मावशी, हे काय असेल सांग?"

मी म्हटलं, बुरशी. आमच्याकडे पांढऱ्यावर काळं दिसलं की पहिला संशय बुरशीचाच.

"डोळा," ती म्हणाली. "म्हणजे डोळ्याच्या पडद्यामागचा रंगीत थर. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचा त्यानं केला."

ती पीएचडी करते आहे, माणसाच्या मूळ पेशींपासून, म्हणजे ज्यांतून इतर पेशी घडतात त्या स्टेम सेलपासून, मेंदूच्या ऊतीचे असे गोळे वाढवण्यावर. त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. मराठी पेपरांत 'प्रयोगशाळेत मेंदू पिकवला' अशा मथळ्यांनी त्यांची बातमी येते. तो मथळा वाचला की ती ताट ढकलून देते.

डोळा म्हटल्यावर मला काटोलचा बगिचा आठवला. आजोबांकडे कलमं करायला माणूस यायचा. जंभेरीच्या रोपट्याच्या सालीला टोकदार चाकूनं इंग्रजी टीसारखी चीर द्यायची, संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा सालीसकट काढून त्या चिरेत सरकवायचा, वरून बांधायचं. याला डोळा भरणं म्हणतात. जंभेरीच्या मुळांवर वाढूनही तो डोळा संत्रंच देतो. त्याचं ठरलेलं असतं. शरीरातल्या पेशींचंही तसंच, असं आम्ही डीएमएलटीला, लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला, शिकलो होतो. कातडीची पेशी कातडीचीच, यकृताची यकृताचीच. ठरलं की ठरलं.

ते ठरलेलं मोडता येतं, हे जपानच्या शिन्या यामानाकांनी २००६ मध्ये दाखवलं. चोवीस जीनांची यादी घेऊन ते बसले, गाळत गाळत चारांवर आले. ते चार उंदराच्या कातडीच्या पेशीत घातले की पेशी आपलं मोठेपण विसरून गर्भातल्या पहिल्या दिवसांसारखी कोरी होते, पुन्हा काहीही व्हायला मोकळी. २००७ मध्ये माणसाच्या पेशींवरही जमलं, २०१२ मध्ये नोबेल मिळालं, जॉन गर्डन यांच्यासोबत. गर्डननी बेडकांवर हीच वाट १९६२ मध्ये दाखवून ठेवली होती.

म्हणजे आता रुग्णाच्या हाताची चिमूटभर कातडी किंवा थोडं रक्त घ्यायचं, पेशी मागे न्यायच्या आणि तिथून पुन्हा पुढे चालू द्यायच्या. त्या माणसाच्या जन्माआधीचे दिवस काचेखाली पुन्हा घडताना पाहायचे. मला हे ऐकून आनंद व्हायच्या आधी पोटात खड्डा पडला.

*

हे गोळे कसे करतात, ते भाचीनं स्वयंपाकघराच्या ओट्याशी सांगितलं. आई गोळाभाताचे गोळे वळत होती. मी ते ऐकलं तसंच लिहिते. तिच्या गाइडनी वाचलं तर त्यांनी क्षमा करावी.

गोल बुडाच्या बारीक खळग्यांत प्रत्येकी नऊ हजारांच्या आसपास पेशी टाकायच्या. खळग्याला असा लेप असतो की पेशींना चिकटायला जागा मिळत नाही, मग त्या एकमेकींनाच धरून बसतात. गोळा होतो. पाच-सहा दिवसांनी त्याचं खाणं बदलायचं, म्हणजे त्याचा मेंदूकडे कल होतो. अकराव्या दिवसाच्या सुमारास एकेक गोळा एका चिकट द्रवाच्या थेंबात बसवायचा. त्यासाठी पॅराफिल्म नावाच्या मेणचट पट्टीला बोटानं दाबून खळगे पाडतात, अगदी अप्पेपात्रासारखे. तो द्रव मोठा चमत्कारिक: बर्फावर पातळ, अंगाच्या उबेला घट्ट.

"चिकासारखा," आई मध्येच म्हणाली. कच्चा चीक पातळ असतो, वाफेवर धरतो. बरोबरच होतं. फक्त हा चीक उंदराच्या एका गाठीपासून काढतात, हे भाचीनं आजीला सांगितलं नाही, मला नंतर सांगितलं.

पुढे ते थेंब हलत्या भांड्यात सोडायचे आणि दर तीन-चार दिवसांनी खाणं बदलत राहायचं. दिवाळी असो, कुणाचं लग्न असो. बस्स. कुठे काय व्हायचं हे कुणी आखून देत नाही. पेशी आपापल्या जागा घेतात, आत पोकळ्या होतात, पोकळ्यांच्या कडेनं थर लागतात. १९०७ मध्ये विल्सन नावाच्या शास्त्रज्ञानं समुद्रातला स्पंज रेशमी कापडातून गाळून त्याच्या पेशी सुट्ट्या केल्या, तर त्या पुन्हा एकत्र येऊन स्पंज झाल्या होत्या. म्हणजे पेशींना ही अक्कल आधीपासून आहे. माणसानं मध्ये न पडणं तेवढं शिकायचं होतं.

ते शिकणंही बरंचसं अपघातानंच झालं. व्हिएन्नात मॅडलिन लँकेस्टर ही तरुण संशोधक २०११ मध्ये पेशींचा सपाट थर वाढवायला पाहत होती. पेशी काही बशीला चिकटेनात. सुटून तरंगायला लागल्या, दुधाळ गोळे झाले. नोव्हेंबरातल्या एका दिवशी तिला एका गोळ्यावर रंगाचा ठिपका दिसला. डोळ्याचा पडदा! मी असते तर बुरशी म्हणून सिंकमध्ये ओतलं असतं, आणि वर रजिस्टरमध्ये 'दूषित' असा शेरा मारला असता.

त्याआधी योशिकी सासाईंनी जपानमध्ये उंदराच्या पेशींपासून डोळ्याचा आख्खा प्याला आपोआप घडताना दाखवला होता, तोही २०११ मध्येच. आणि त्याच्याही आधी, २००९ मध्ये, नेदरलँड्सच्या हान्स क्लेव्हर्सकडे तोशिरो सातो यांनी आतड्याच्या एकेका मूळ पेशीपासून माझे ओळखीचे खळगे वाढवले. तो फोटो पाहिला तेव्हा मी भाचीच्या हातातून फोन काढूनच घेतला. मी जे मेणात गोठलेलं कापते, ते इथे चिकाच्या थेंबात जिवंत होतं, कळ्या फुटल्यासारखं वाढत होतं. आता त्याच देशात सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या गुदाशयाचा कणभर तुकडा घेऊन असे गोळे करतात आणि त्यांवर औषध टाकून पाहतात. गोळे फुगले तर औषध या माणसाला लागू पडायची आशा, नाही फुगले तर दुसरं पाहा. माणसाच्या आधी त्याचा गोळा औषध घेतो.

आईचा एक गोळा जरा मोठा वळला गेला होता. तिनं तो मोडून दोन केले. "मोठा केला की मंधात कच्चा राह्यते," ती म्हणाली. भाची हसायला लागली. कारण त्यांचीही तीच रड. त्या गोळ्यांत रक्तवाहिन्या नसतात. चार मिलिमीटरच्या आसपास गेले की मधल्या पेशींपर्यंत खाणं-हवा पोचत नाही आणि त्या मरतात. शिवाय एकाच दिवशी, एकाच ताटलीत लावलेले दोन गोळे एकमेकांसारखे निघतीलच असं नाही. त्यांना शरीर नाही. फार वाढले तरी ते बहुतेक वेळा गर्भातल्या मेंदूच्या काही महिन्यांपर्यंतच येतात. 'छोटा मेंदू' या शब्दाला ताट ढकलण्याचं कारण हे.

*

इथे मला एक रागाची गोष्ट सांगून टाकू द्या. 'स्टेम सेल' हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला तो विज्ञानातून नव्हे, ब्रोशरमधून. ताईच्या नणंदेच्या बाळंतपणात एका कंपनीचा माणूस दवाखान्यातच येऊन बसला. नाळेचं रक्त आज साठवा, उद्या कुठलाही आजार बरा होईल. हप्त्यांवर. तिनं दागिना मोडून पैसे भरले. अशी खासगी साठवण करायची शिफारस आयसीएमआर, म्हणजे सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद, करत नाही, हे तिला कुणी सांगितलं नाही. मीसुद्धा नाही, कारण तेव्हा मलाही माहीत नव्हतं. दिव्यांग मुलांच्या आईबापांना 'स्टेम सेलचं इंजेक्शन' देतो म्हणणारे तर त्याहून वाईट. भाऊ असता तर आईनं काटोलची जमीन विकून ते घेतलं असतं. तेव्हा नीट सांगते: ऑर्गनॉइड हे इंजेक्शन नाही. तो कुणाच्या डोक्यात बसवायचा नाही. तो फक्त बघायचा असतो.

आणि बघायचं काय, तर ते २०१३ मध्ये लँकेस्टर आणि तिचे प्रमुख युर्गेन क्नोब्लिख यांनी दाखवलं. डोकं फार लहान असलेला एक रुग्ण. मायक्रोसेफली. त्याच्या कातडीच्या पेशी मागे नेऊन त्यांनी त्याचे गोळे वाढवले. ते निरोगी माणसाच्या गोळ्यांपेक्षा लहान राहिले. काचेच्या भांड्यात! जिथे आई नाही, पोट नाही, विळी नाही, सूर्य नाही.

उंदरांवर हे आधी करून पाहिलं होतं, पण त्यांच्यात तोच दोष घातला तरी मेंदू माणसाइतका लहान होत नव्हता. उंदराचा मेंदू मुळातच वेगळ्या घाईत घडतो. (आता आपल्याकडेही २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांऐवजी अशा गोळ्यांवरच्या चाचण्यांना जागा झाली आहे.) २०१५-१६ मध्ये ब्राझीलमध्ये झिकाच्या साथीत लहान डोक्याची बाळं जन्मली, तेव्हाही तो विषाणू नेमक्या कुठल्या पेशी मारतो हे अशाच गोळ्यांत दिसलं.

भाचीनं आजीला समजावलं ते मात्र शेतीच्या भाषेत. आमच्याकडे दुसरी चालत नाही.

"आजी, ज्वारी घरात आली की बियाण्याची आधी वेगळी काढतो ना आपण? मेंदू बनतानाही तसंच असतं. सुरुवातीला बियाण्याच्या पेशी असतात. त्या आधी स्वतःचेच दोनाचे चार, चाराचे आठ करतात. बियाणं भरपूर झालं की मग त्यातून खायचं धान्य निघतं, म्हणजे खऱ्या मेंदूच्या पेशी. त्या रुग्णात काय झालं, बियाणं वाढायच्या आधीच धान्य व्हायला लागलं."

"बियाणंच दळून खाल्लं," आई म्हणाली.

"हो. मग पीक कुठून येणार?"

"अन् काहून खाल्लं?"

"एका जीनमधे चूक होती." त्या जीनचं नाव सीडीके-फाइव्ह-रॅप-टू; ते तिनं आजीला सांगितलं नाही, मी तरी तुम्हाला कशाला सांगतेय. पेशीचे दोन भाग होताना कुठून कसं फुटायचं, ती दिशा धरणारं प्रथिन त्या जीनवरून बनतं. ते प्रथिन गोळ्यात परत घातलं तर बियाण्याच्या पेशी वाढल्या.

आई गोळे वळत राहिली. मग तिनं विचारलं, "गिरानानं नाही होत?"

"नाही आजी."

बेचाळीस वर्षांनी, पितळी परातीवर, बेसनाच्या हातांनी, असं ते झालं. मला वाटलं होतं ती रडेल. निदान माझ्याकडे बघेल. पेरू मी खाल्ला होता.

*

भाऊला नेमकं काय होतं, हे कुणी तपासलं नाही. डोकं लहान राहायला जीन हे एकच कारण नसतं. गरोदरपणातले संसर्ग असतात, जन्मताना प्राणवायू कमी पडतो. त्याच्या रक्ताचा थेंब कुठे नाही, केसाची बट नाही. टोपडं आहे, ट्रंकेत, तेवढंच. पण भाची सव्वीस वर्षांची होती, तिला प्रश्न पुरा केल्याशिवाय राहवत नव्हतं.

"आजी, तुझं नि आजोबांचं नातं आधीपासूनचं होतं ना?"

ताईनं तिच्याकडे डोळे वटारले. उशीर झाला होता.

विदर्भात हा हिशोब समजवायला फार शब्द लागत नाहीत. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारानं तो आम्हाला शिकवला आहे. आईबाप दोघंही वरून धडधाकट, दोघांकडेही दोषाची एकेक प्रत, आणि दर बाळंतपणात चारांत एक शक्यता की बाळाला दोन्ही दोषीच प्रती मिळतील. सिकलमध्ये तर चूक एका अक्षराची आहे. ती हिमोग्लोबिनमध्ये काय बिघडवते, हे इन्ग्राम यांनी १९५७ मध्ये सांगून ठेवलं. माझ्या काचपट्टीवर कोयत्याच्या आकाराची ती पेशी मी हजारदा पाहिली आहे. आते-मामे भावंडांचं रक्त आठव्या हिश्श्यानं सारखं असतं. बहुतेकांची मुलं ठणठणीत निघतात, आम्ही दोघी निघालोच. पण जी चूक बाहेरच्या माणसात क्वचित सापडेल, ती घरातल्या दोघांत एकाच आज्याकडून आलेली असू शकते.

आईला हे कळायला एक मिनिट लागलं. ते मिनिट मी पाहिलं. तिच्या शेजारणीच्या दोन्ही पोरांना सिकल आहे. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं, वर, खाली, पुन्हा वर.

"म्हणजे ते माह्या बापाकडून आलं असंल," ती म्हणाली. "अन् तिकडून आत्याबाईकडून."

"असलं तर, आजी."

"एकाच मायबापाचे ते दोघं."

कुणी काही बोललं नाही. माझ्या मनात काय आलं ते लिहिते, चांगलं नाही तरी. मला वाटलं, आता म्हण. सोळा वर्षं ऐकून घेतलंस, त्यानंतरची सव्वीस गप्प राहिलीस, आता एकदा तरी म्हण की दोष तिच्याही रक्तात होता. पोटातले ते नऊ महिने कुणाला दिसत नव्हते, त्या अंधारात ज्याला जे ठेवायचं ते ठेवता येत होतं, आणि आत्याबाईंनी तिथे तुझी विळी नेऊन ठेवली. आज त्या अंधारात कुणीतरी दिवा नेलाय.

आई म्हणाली, "बरं झालं, त्या गेल्या. त्याईच्या जीवाले लागलं असतं."

आणि गोळे भातात सोडायला उठली.

*

दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, पुन्हा सूर्यग्रहण होतं. लक्ष्मीपूजन आदल्या रात्री झालेलं, पाडवा एक दिवस पुढे गेलेला, मध्ये हा रिकामा दिवस. संध्याकाळी लागलं आणि सूर्य ग्रासलेलाच मावळला. भाची माझ्या जुन्या एक्स-रे फिल्म मागत होती. त्यातून बघायचं नसतं हे तिलाच माहीत असायला हवं, म्हणून आम्ही पुठ्ठ्याला भोक पाडून भिंतीवर उजेडाची कोर पाहिली. नारिंगी, नखाएवढी.

विळी कपाटावर होती. सकाळीच गेली होती. आदल्या दिवशीचं सगळं ऐकून, समजून, बोटांवर मोजून. भाचीनं ती पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली: राहू दे.

अंधार पडल्यावर आईनं आंघोळ केली, तुळशीपाशी दिवा लावला, मग मला म्हणाली, काढ ती खाली. पुडाच्या वड्या करायच्या होत्या. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, चार जुड्या निवडून ठेवल्या होत्या. ती विळीवर बसली आणि कापायला लागली. इतका बारीक सांबार मला मायक्रोटोमवरही जमला नसता.

भाचीला रात्रीची गाडी होती. तिच्या जागी कुणीतरी गोळ्यांचं खाणं बदलणार होतं, पण तिचा त्याच्यावर भरवसा नव्हता. बॅग भरता भरता ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, काळ्या ठिपक्याचा वेगळा ठेव, हलवू नको फार.

"त्या गोळ्याले कळते का काही?" आईनं विचारलं.

"नाही गं आजी. इतकुसा तर आहे. आतमधे बारीक विजेची हालचाल असते पेशींची, पण कळणं म्हणजे... नाही."

आईनं सांबार मुठीत गोळा केला, पुन्हा पात्यावर धरला.

"तुह्या मामालेही काही कळत नाही म्हणत डॉक्टर," ती म्हणाली. "बाबाची सायकल गल्लीच्या तोंडाशी वाजली का टाळ्या पिटे. दुसऱ्याची सायकल असली तर नाही."

भाचीनं फोन खाली ठेवला. पातीचा आवाज चालू होता.